फळ्यावरची नोटीस कुणी वाचली?

दोस्तांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालू का? गावातली अशी कोणती वस्तू आहे, की जिच्यासमोरून सगळं गाव रोज जातं, पण जिच्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही?

देवळातली घंटा? छे! ती तर येणारा-जाणारा वाजवतोच. एस.टी.चा थांबा? तिथे तर सगळे डोळे लावून बसलेले असतात. हरलात? अहो, ग्रामपंचायतीचा फळा!

कुठे तो खरोखरचा काळा फळा असतो, कुठे जाळी लावलेली लाकडी पेटी असते, तर कुठे नुसती कचेरीची भिंत. त्यावर खळीने चिकटवलेले चार-पाच कागद. एखाद्याचा कोपरा वाऱ्याने फडफडतोय, एखाद्याची शाई पावसाने पसरलीय. ‘तमाम ग्रामस्थांना कळविण्यात येते की...’ इथपर्यंत वाचायचं आणि ‘हे मोठ्यांचं काम’ म्हणून पुढे निघायचं. असंच करता ना तुम्ही? लाजू नका. मीही तेच करायचो. पण एका पावसाळ्यात असं काही घडलं, की मला तो फळा वाचायची सवयच लागली. ती गोष्ट आधी सांगतो.

आजीचा प्रश्न

मी तेव्हा सातवीत होतो. आमची वाडी गावापासून मैलभर लांब. शाळा गावात, आणि शाळेच्या वाटेवर ग्रामपंचायतीची कचेरी. वाडीतली आम्ही आठ-नऊ पोरं एकत्रच शाळेला जायचो. श्रावण सुरू होता. पाऊस असा, की छत्री उलटी व्हायची. कचेरीच्या ओसरीला पत्रा होता. सर जोरात आली की आम्ही धावत जाऊन त्या पत्र्याखाली उभे राहायचो. पाठ भिंतीला लावून, पागोळ्या हातात झेलत.

आणि त्या भिंतीवर, अगदी आमच्या पाठीमागे, एक कागद लावलेला होता. वाडीच्या विहिरीचं पाणी तपासणीत पिण्यास अयोग्य ठरलं आहे, तरी पुढची सूचना मिळेपर्यंत ते उकळून आणि गाळून प्यावं, असं त्यावर लिहिलं होतं. गावात दवंडीही झाली होती म्हणे. पण ओढ्याला पाणी आलेलं, त्यामुळे वाडीपर्यंत कुणी पोचलंच नाही.

तीन दिवस तो कागद तिथे होता. तीन दिवस आम्ही त्याला पाठ टेकून उभे राहिलो!

चौथ्या दिवशी वाडीत उलट्या-जुलाब सुरू झाले. आमच्या शेजारची म्हातारी आजी तर इतकी गळून गेली, की तिला गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं लागलं. दोन दिवस सलाईन चालू होतं. नशीब चांगलं, आजी वाचली. घरी आल्यावर आम्ही पोरं तिला बघायला गेलो. कुणीतरी बोलता बोलता त्या नोटिशीचा विषय काढला. आजीने मान वर केली आणि विचारलं, “लिवलं हुतं व्हय रं तितं? आन् तुमी पोरं रोज तितनंच जातासा न्हवं? मग मला का न्हाई सांगितलंसा?”

आजीला वाचता येत नव्हतं. आम्हाला येत होतं. आमच्यापैकी एकाकडेही तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी फळा वाचतो. आणि तुम्हीही वाचावा, म्हणून आजचा हा लेख.

हलगीपासून मोबाईलपर्यंत

गावाने एकत्र बसून निर्णय घ्यायचा, ही आपल्याकडची जुनीच पद्धत. शिवकाळात आणि त्याच्याही आधी गावात गोतसभा भरायची. वतनाचा किंवा शिवेचा तंटा असला की ती साक्षी-पुरावे ऐकायची आणि निवाडा करायची. तो निवाडा ज्या कागदावर लिहीत, त्याला ‘महजर’ म्हणत. ज्यांना लिहिता येत नसे त्यांनी सही कशी करायची? मोठी गंमत आहे बरं का! प्रत्येकजण आपापल्या कामाचं चिन्ह काढायचा. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा! असे जुने महजर आजही जपून ठेवलेले आहेत. मात्र एक गोष्ट विसरायची नाही. त्या सभेत गावातल्या प्रत्येक माणसाला सारखा मान नव्हता. वतनदारांचा शब्द मोठा होता. बायकांना विचारायची पद्धत नव्हती.

सभेचा निर्णय किंवा सरकारचा हुकूम गावाला कळायचा तो दवंडीने. हलगी नाहीतर ढोल वाजवत माणूस गल्लीगल्लीतून फिरायचा आणि चौकाचौकात थांबून ‘ऐका हो ऐका’ म्हणून मोठ्याने ओरडायचा. पुढे कचेरीच्या भिंतीवर कागद लागू लागले. मग रिक्षावर कर्णे आले आणि आता मोबाईलवर गावाचा ग्रुप! पण मोबाईलवर आलेला नोटिशीचा फोटो कधी अंधुक असतो, कधी लग्नाच्या शुभेच्छांखाली दबून जातो. आणि ज्या आजीकडे मोबाईलच नाही तिचं काय? म्हणून भिंतीवरचा कागद आणि चौकातली दवंडी यांची गरज अजून संपलेली नाही.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ सालचा. तेव्हा त्याचं नाव मुंबई ग्रामपंचायत अधिनियम असं होतं, आता त्याला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. पुढे १९९२ मध्ये संसदेने ७३वी घटनादुरुस्ती केली आणि ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. त्यामुळे गावाचा कारभार गावाने करण्याला थेट राज्यघटनेचा आधार मिळाला. २०१० पासून २४ एप्रिल हा राष्ट्रीय पंचायती राज दिवस म्हणून पाळला जातो. गावाच्या पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा राखून ठेवाव्यात असं त्या दुरुस्तीने सांगितलं. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. म्हणजे बघा, ज्या चावडीवर आपल्या पणजीला बसता येत नव्हतं, तिथे आज कुणाची आई, कुणाची मावशी सरपंच म्हणून बसते!

नोटीस वाचायची कशी?

‘आम्ही वाचायला तयार आहोत हो, पण ती भाषा!’ असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. नोटिशीची भाषा म्हणजे न सोललेला नारळ. वरून टणक, पण फोडला की आत खोबरं. चला, एक नारळ फोडून बघू. ही नोटीस मी नमुन्यासाठी तयार केली आहे.

‘जा. क्र. ४२. विषय : ग्रामसभेबाबत. तमाम ग्रामस्थांना कळविण्यात येते की, ग्रामपंचायतीची ग्रामसभा दि. १५ ऑगस्ट रोजी सकाळी १० वाजता शाळेच्या पटांगणावर आयोजित करण्यात आली आहे. सभेपुढील विषय : १) मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. २) जमाखर्चास मंजुरी देणे. ३) घरकुल योजनेच्या लाभार्थी यादीस मान्यता देणे. ४) शाळेशेजारील गावठाण जागेबाबत विचार करणे. ५) आयत्या वेळी येणारे विषय. सबब सर्वांनी उपस्थित राहावे. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तहकूब सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही. सही/-’

आता एकेक शब्द घेऊ.

जा. क्र. म्हणजे जावक क्रमांक. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदाची एका वहीत नोंद होते, तिथला हा नंबर. आत येणाऱ्या कागदाला आवक क्रमांक मिळतो. तुमच्या बाबांनी कधी अर्ज दिला, तर आवक क्रमांक टाकलेली पोच घ्यायला त्यांना आठवण करा. पुढे ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ असं कुणी म्हणू शकत नाही.

इतिवृत्त म्हणजे मागच्या सभेत काय काय झालं त्याची लेखी हकिगत. गावात तिला बहुतेकजण ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. ‘कायम करणे’ म्हणजे ती हकिगत बरोबर आहे असं सभेने मान्य करणे. काही चुकीचं लिहिलं असेल तर ते सांगायची वेळ हीच!

जमाखर्च म्हणजे आले किती, गेले किती. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा कर, बाजारात बसणाऱ्यांकडून घेतलेली फी आणि सरकारकडून आलेलं अनुदान हे सगळं मिळून ग्रामनिधी होतो. तो कुठे खर्च झाला हे विचारण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे.

लाभार्थी म्हणजे ज्यांना योजनेचा फायदा मिळणार ते लोक. गळक्या घरात राहणाऱ्या माणसाचं नाव यादीत आहे की नाही, हे त्याच्या शेजाऱ्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून तर ती यादी सभेत मोठ्याने वाचायची असते.

आयत्या वेळी येणारे विषय म्हणजे नोटिशीत न छापलेले, अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी घेतलेले विषय. इथे कान टवकारून बसायचं!

सबब म्हणजे ‘म्हणून’. एवढंच. तुम्ही शाळा बुडवल्यावर सांगता ती ‘सबब’ वेगळी बरं का!

सही/- म्हणजे मूळ कागदावर सही आहे आणि ही त्याची नक्कल आहे.

आणि हो, नोटिशीत ‘हरकत’ आणि ‘मुदत’ हे दोन शब्द दिसले, तर तिथेच थांबा. घरपट्टीची नवी आकारणी झाली, मतदारयादीचा कच्चा मसुदा लागला, की हरकत घ्यायला ठरावीक दिवस दिलेले असतात. ते उलटले की खरं सांगूनही उपयोग होत नाही. अशा नोटिशीतली शेवटची तारीख ही सगळ्यांत महत्त्वाची ओळ असते. ती आधी शोधायची आणि घरी सांगायची.

शंभर माणसांचं गणित

नमुन्यातलं शेवटचं वाक्य आठवतंय? ‘तहकूब सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.’ दिसायला साधं वाक्य, पण सगळी मेख तिथेच आहे.

आधी ग्रामसभा म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. ग्रामपंचायत वेगळी आणि ग्रामसभा वेगळी. ग्रामपंचायतीत निवडून आलेले सदस्य असतात, गावाच्या लोकसंख्येप्रमाणे ७ पासून १७ पर्यंत. त्यांची मुदत ५ वर्षांची. २०२२ च्या दुरुस्तीपासून सरपंचालाही मतदार थेट निवडून देतात. पण ग्रामसभेत कुणाला निवडून यावं लागत नाही. गावाच्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य! शेतमजूर असो की सावकार, दोघांचा हात एकाच उंचीचा धरला जातो. १९८९ पर्यंत मतदानाचं वय २१ होतं, ६१व्या घटनादुरुस्तीने ते १८ झालं. म्हणजे तुमच्यातले काहीजण अजून तीन-चार वर्षांत ग्रामसभेचे सदस्य होणार आहेत.

आता गणित. सभा भरायला निदान किती माणसं हवीत, या आकड्याला गणसंख्या किंवा कोरम म्हणतात. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणसंख्या आहे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी कमी असेल ती. करा बघू हिशेब. ४०० मतदारांचं छोटं गाव असेल तर १५ टक्के म्हणजे ६०. म्हणून ६० माणसं हवीत. २००० मतदारांचं गाव असेल तर १५ टक्के होतात ३००. पण १०० हा आकडा कमी, म्हणून १०० माणसं पुरतात. २००० मध्ये १०० म्हणजे किती? शेकडा फक्त ५!

म्हणजे १०० जणांच्या गावातून ५ जण आले, असं समजा. त्या पाचांनी ठरवायचं आणि उरलेल्या ९५ जणांनी ते पाळायचं.

बरं, तेवढेही आले नाहीत तर? मग सभा तहकूब होते, म्हणजे पुढे ढकलली जाते. आणि त्या पुढे ढकललेल्या सभेला गणसंख्येची अटच नसते! जे येतील त्यांच्यावर सभा चालते. नियम करणाऱ्यांनी हे कशासाठी केलं असेल? तर कोरमवाचून गावाची कामं वर्षभर अडून राहू नयेत म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण गावच आळशी असेल तर काय होईल याचा विचार करा. नमुन्यातल्या चौथ्या विषयाकडे पुन्हा बघा. ‘शाळेशेजारील गावठाण जागेबाबत विचार करणे.’ ही जागा म्हणजे तुमचं क्रिकेटचं मैदान असलं तर? ‘विचार करणे’ या दोन साध्या शब्दांच्या पोटात मैदान राहायचं की जायचं, हा प्रश्न लपलेला असू शकतो. सभेला जेमतेम दहा-बारा माणसं आली, तर निर्णय तेवढेच घेतील. मग पुढच्या रविवारी तिथे खडीचे ढीग बघून ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही. सांगितलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं.

नोटीस अचानक लावून चालत नाही. साध्या ग्रामसभेची सूचना ७ दिवस आधी द्यावी लागते आणि ती गावाला कळेल अशा ठिकाणी लावावी लागते. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. बऱ्याच गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस त्यासाठी ठरून गेले आहेत. आठवतंय? झेंडावंदन होतं, खाऊ वाटला जातो आणि आपण घराकडे धूम ठोकतो. त्याच वेळी पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला सतरंज्या अंथरल्या जात असतात! शिवाय ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असंही कायदा सांगतो. तुमच्या आईला हे ठाऊक आहे का? आज रात्री जेवताना विचारून बघा.

गावाने मनावर घेतलं तर...

‘सभेत नुसती भांडणं होतात’ असं काहीजण नाक मुरडून म्हणतात. होतातही. पण गावाने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, याची दोन उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रात आहेत.

पहिलं हिवरे बाजारचं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं हे गाव. पाऊस कमी, डोंगर उघडे, विहिरी कोरड्या. कामासाठी माणसं गाव सोडून जायची. १९८९ मध्ये पोपटराव पवार हा शिकलेला तरुण तिथे सरपंच झाला. त्यानंतर गावाने श्रमदानाने बांध घातले, चर खणले, झाडं लावली. पण नुसतं पाणी अडवून भागत नाही, ते जपून वापरावंही लागतं. म्हणून गावाने शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं आवरायची, असे नियम स्वतःच स्वतःला घालून घेतले. तिथे पाण्याचा चक्क ताळेबंद मांडतात! पाऊस किती पडला, विहिरीत पाणी किती, माणसं-गुरांना किती लागेल, शेतीला किती उरेल, हे मोजून ग्रामसभेत ठेवायचं आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. पोपटरावांना या कामासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण ते नियम रोज पाळले ते गावातल्या प्रत्येक घराने.

दुसरं उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाचं. जंगलातलं छोटंसं गोंड आदिवासींचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळीकडे गाजली. तिथे हात वर करून मोजणी करत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात. आज नाही झालं तर पुन्हा बसतात. आणि बोलण्याआधी अभ्यास करतात! कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, हे समजून घ्यायला गावाचं अभ्यास मंडळ बसतं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून तिथला बांबू ग्रामसभा स्वतः विकू लागली. मोठमोठ्या शहरांना जे जमत नाही, ते या छोट्या गावाने करून दाखवलं.

पाण्याला पिवळी छटा

आजीची गोष्ट सांगितली, तर पाण्याबद्दलही दोन शब्द सांगायलाच हवेत. ग्रामपंचायतीच्या नोटिशींत जिवाशी थेट संबंध असतो तो पाण्याच्या नोटिशीचा.

विहिरीत किंवा टाकीत जी पांढरी भुकटी टाकतात तिला गावात सगळे ‘टीसीएल’ म्हणतात. ती ब्लीचिंग पावडर. तिच्यातल्या क्लोरीनमुळे रोगजंतू मरतात. पण भुकटी पुरेशी पडली की नाही हे कसं कळायचं? त्यासाठी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ‘ओ.टी.’ चाचणी करतो. छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचा थेंब टाकायचा. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. पाणी तसंच पांढरं राहिलं तर क्लोरीन नाही! तुम्ही त्या औषधाला आणि भुकटीला हात लावायचा नाही हं. पण जलसुरक्षक काकांना ‘आज चाचणी केलीत का? आम्हाला दाखवाल का?’ असं जरूर विचारा. विचारणारं कुणी असलं की काम करणाऱ्यालाही हुरूप येतो.

वर्षातून दोनदा गावाच्या पाण्याच्या जागांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. अगदी चौकातल्या सिग्नलसारखं! तुमच्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे? लाल असेल तर कशामुळे? विहिरीला कठडा नाही, की पाइपाची गळती आहे, की टाकीजवळ उकिरडा आहे? हे प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखे आहेत.

मग तुम्ही काय कराल?

‘आम्हाला तर मत नाही, आम्ही काय करणार?’ असं म्हणू नका. मत नसलं तरी तुमच्याकडे डोळे आहेत, आवाज आहे आणि वाचता येतं. तेवढं पुष्कळ झालं!

पहिलं काम, आठवड्यातून दोन वार ठरवा, समजा सोमवार आणि गुरुवार. शाळेतून येताना फळ्यापाशी पाच मिनिटं थांबा. नवीन कागद दिसला तर वहीत तीन गोष्टी टिपा : कशाबद्दल आहे, कुणासाठी आहे आणि शेवटची तारीख कोणती.

दुसरं काम, ती नोटीस आपल्या भाषेत दोन ओळींत लिहा. ‘सबब’, ‘उपरोक्त’ काही नको. ‘शुक्रवारी पाणी येणार नाही, गुरुवारीच भरून ठेवा,’ असं सरळ.

तिसरं काम सगळ्यांत मोलाचं. आपल्या गल्लीत, वाडीत ज्यांना वाचता येत नाही, ज्यांना दिसत नाही, ज्यांच्याकडे मोबाईल नाही, अशी घरं शोधा. मित्र-मैत्रिणींत वाटून घ्या. ‘आजी, फळ्यावर असं असं लिहिलंय,’ एवढंच सांगून यायचं. चहा मिळाला तर तो वेगळा फायदा!

चौथं काम, पुढच्या ग्रामसभेला आई-बाबांना आठवण करा. शक्य असेल तर त्यांच्याबरोबर जाऊन मागे शांत बसा. कोण बोलतं, कोण गप्प बसतं, बायका किती आल्यात, हे बघा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला धडा डोळ्यांसमोर चालताना दिसेल.

आणि पाचवं, काही समजलं नाही तर ग्रामसेवकांना विचारा. २०२४ पासून त्यांच्या पदाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पण गावात अजून सगळे जुन्याच नावाने हाक मारतात. भीती वाटली तर गुरुजींना किंवा बाईंना बरोबर न्या. विचारायला पैसे पडत नाहीत.

शहरात राहणाऱ्या दोस्तांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका! तुमच्या जिन्याखाली सोसायटीचा फळा आहेच की. आणि तुमच्या वॉर्डाच्या कचेरीतही असेच कागद फडफडत असतात.

आमच्या वाडीत त्या पावसाळ्यानंतर आम्ही पोरांनी पाळ्या लावल्या. दर सोमवारी एकाने फळा वाचायचा आणि संध्याकाळी पारावर मोठ्याने सांगायचा. पहिल्या दिवशी माझी पाळी होती. घसा कोरडा पडला होता. पारावर पाच-सहा माणसं आणि आजी. फळ्यावर विशेष काही नव्हतंच. घरपट्टी भरायची मुदत आणि गुरांच्या लसीकरणाचा दिवस, एवढंच मी वाचलं. आजी काठी टेकत उठली आणि म्हणाली, “म्हशीला न्याया पायजे मंगळवारी. बरं झालं सांगितलंस.”

तेव्हा दोस्तांनो, उद्या शाळेतून येताना त्या फळ्यापाशी थांबायचं. थांबणार ना?

जाता जाता एक गणित : गावात किती मतदार होईपर्यंत १५ टक्क्यांचा नियम लागू पडतो आणि कितीपासून पुढे १०० चा आकडा कमी ठरतो? आधी स्वतः सोडवा, मगच खाली बघा.

(उत्तर : ६६६ मतदारांपर्यंत १५ टक्के हा आकडा १०० पेक्षा कमी भरतो. ६६७ पासून तो १०० च्या वर जातो, म्हणून तिथून पुढे १०० माणसं पुरतात.)